बँडचं नाव वाजवणाऱ्यांचंच असावं

ऑगस्ट १९८०. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनामध्ये ‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडच्या नावानं कार्यक्रम झाला. रंगमंचावर पाच जण होते. त्यातला गायक रॉड इव्हान्स १९६८-६९ मध्ये खरोखर त्या बँडमध्ये होता, बाकी चौघांचा बँडच्या इतिहासाशी काडीचा संबंध नव्हता. आज त्याच नावानं जगभर वाजवणाऱ्या बँडमध्येही १९६८ च्या पाचांपैकी एकच माणूस आहे, ड्रमर इयान पेस. नुसती डोकी मोजली तर दोन्हीकडे हिशोब सारखाच, पाचात एक. तरी १९८० चा तो प्रकार फसवणूक होता आणि आजचा बँड खरा आहे, याबद्दल रॉक ऐकणाऱ्यांमध्ये फारसं दुमत नाही. हा फरक कशानं पडतो, ते नेमकं सांगता यायला हवं. कारण आपल्याकडेही आता बँड वीस-तीस वर्षं टिकतात, त्यातली माणसं बदलतात, आणि एक दिवस नावावरून भांडण उभं राहतं. त्या दिवशी कुणाकडेच कागद नसतो.

आमचं म्हणणं असं. बँडचं नाव हे त्या बँडमध्ये वाजवत असलेल्यांचं मिळून असतं. सोडून जाणाऱ्याला ते बरोबर नेता येऊ नये, मग तो संस्थापक का असेना. जो वाजवत नाही, त्या मॅनेजरच्या किंवा कंपनीच्या एकट्याच्या हातात ते असू नये. आणि तिकीट काढणाऱ्याला त्या नावामागे आज कोण उभं आहे, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. माणसं बदलल्यानं बँड खोटा ठरत नाही. तो खोटा ठरतो माणसं कशी बदलली आणि ते लपवलं का, यावर.

डीप पर्पलचं उदाहरण घ्यायचं कारण असं की इतक्या वेळा माणसं बदलूनही इतकी वर्षं टिकलेले बँड थोडेच, आणि यांची प्रत्येक फेरी नोंदलेली आहे. चाहते त्या फेऱ्यांना ‘मार्क वन’, ‘मार्क टू’ असे क्रमांक देतात. गंमत म्हणजे मूळ कल्पनाच बदलत्या माणसांची होती. १९६७ च्या अखेरीस ‘द सर्चर्स’ या बँडचा माजी ड्रमर ख्रिस कर्टिस यानं ‘राउंडअबाउट’ नावाचा बँड काढायचं ठरवलं. फिरत्या पाळण्यावर चढावं-उतरावं तसे वादक येतील-जातील, असा बेत. पहिला उतरला तो स्वतः कर्टिसच. ऑर्गनवर जॉन लॉर्ड, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ड्रमवर पेस, बेसवर निक सिम्पर आणि गायक इव्हान्स अशी १९६८ ची जुळणी झाली. नाव ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून घेतलेलं.

१९६९ मध्ये पहिला बदल झाला तो काही सभ्यपणे झाला नाही. गायक इयान गिलन आणि बेसिस्ट रॉजर ग्लोव्हर यांच्याबरोबर नव्या गाण्यांचा सराव सुरू झाला, तेव्हा इव्हान्स आणि सिम्पर जुन्या बँडबरोबर कार्यक्रम करतच होते आणि त्यांना पत्ता नव्हता. सिम्परनं पुढे एकरकमी पैसे घेऊन रॉयल्टीवरचा हक्क सोडला. इव्हान्सची रॉयल्टी चालू राहिली. हा तपशील लक्षात ठेवायचा, कारण १९८० मध्ये त्यानं जे गमावलं ते हेच.

गिलन-ग्लोव्हरबरोबरच्या मार्क टूनं १९७० ते ७३ मध्ये जे केलं, त्यावर या नावाची आजवरची पत उभी आहे. ‘मशीन हेड’ हा अल्बम १९७२ चा. मग गिलन आणि ग्लोव्हर गेले. १९७३ मध्ये गायक डेव्हिड कव्हरडेल आणि बेस वाजवत गाणारा ग्लेन ह्यूज आले, तसा बँडचा ताल बदलला, फंकची लय शिरली. ती न पटल्यानं १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेला. त्याच्या जागी आलेल्या टॉमी बोलिनला जेमतेम वर्ष मिळालं. मार्च १९७६ मध्ये बँड मोडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बोलिन पंचविसाव्या वर्षी गेला.

आता १९८०. बँड मोडून चार वर्षं झाली होती. ‘नाव पडूनच आहे, मी तर पहिल्या पाचांतला’, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा वाटतो. पण नाव पडून नव्हतं. जुन्या रेकॉर्डी विकल्या जात होत्या, आणि लोक तिकीट काढत होते ते १९७० ते ७५ च्या आवाजासाठी. त्या काळात इव्हान्स बँडमध्ये नव्हता. खऱ्या बँडच्या बाजूनं लाँग बीचच्या कार्यक्रमाआधी वर्तमानपत्रात जाहिरात दिली गेली: ब्लॅकमोर, कव्हरडेल, गिलन, ग्लोव्हर, ह्यूज, लॉर्ड, पेस हे कलाकार या कार्यक्रमात वाजवणार नाहीत. फसवणुकीवरचा इतका सरळ उपाय क्वचित दिसतो. कुणावर आरोप नाही, फक्त नावांची यादी. त्याच वर्षी कोर्टानं बनावट बँडच्या बाजूवर ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई बसवली, आणि इव्हान्सची सुरुवातीच्या अल्बमांवरची रॉयल्टीही गेली.

१९८४ मध्ये मार्क टू पुन्हा एकत्र आला. १९८९ मध्ये गिलनला काढलं, १९९२ मध्ये परत घेतलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून कायमचा गेला. उरलेल्या कार्यक्रमांना गिटारवादक ‘जो सॅट्रियानी’ धावून आला, आणि १९९४ च्या अखेरीस गिटारवर स्टीव्ह मोर्स आला तो पुढे सत्तावीस वर्षं राहिला. २००२ मध्ये जॉन लॉर्ड निवृत्त झाला आणि डॉन एअरी आला. २०२२ मध्ये मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड. ही सगळी वंशावळ पाहिली की एक गोष्ट ठळक होते: कुठल्याही दोन लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये काही माणसं सामाईक आहेत. नव्याला आधीच्यांनी निवडलं, आधीच्यांबरोबर तो वाजवायला बसला, आणि त्याच्यासह नवं संगीत त्या नावानं बाहेर आलं. मोर्सबरोबर १९९६ मध्ये ‘पर्पेंडिक्युलर’, मॅकब्राइडबरोबर २०२४ मध्ये नवा अल्बम. १९८० मधल्या त्या पाचांनी असलं काहीच केलं नव्हतं. हातातून हातात गेलेली साखळी तिथे तुटलेली होती, एका कडीचा तुकडा तेवढा कुणीतरी खिशात ठेवला होता.

या साखळीत नेमकं काय पुढे जातं, हे वाजवणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, जगातला प्रत्येक नवशिका गिटारवाला वाजवतो आणि बहुतेक जण चुकीची वाजवतात. ते पिक (तार छेडायची चपटी पट्टी) घेऊन पॉवर कॉर्ड, म्हणजे पंचमाच्या जोड्या वाजवतात. ब्लॅकमोर दोन तारा एकाच वेळी बोटांनी ओढतो आणि जोडी असते चौथ्या स्वराची. जी, बी फ्लॅट, सी असा वरचा स्वर चालतो आणि त्याचा जोडीदार खालच्या तारेवर. पिकनं मारलं की दोन तारांच्या मध्ये क्षणभराचं अंतर पडतं, बोटांनी ओढलं की दोन्ही एकदम सुटतात. त्या रिफचा ठोसा तिथे आहे. त्यात लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. नेहमीच्या फिरत्या लेस्ली स्पीकरवर न विसंबता त्यानं तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवला, म्हणून तो गिटारइतकाच खरखरीत येतो. नव्या कीबोर्डवादकानं स्वच्छ ऑर्गन वाजवला तर स्वर बरोबर असूनही गाणं पोकळ वाटतं. या गोष्टी रेकॉर्ड ऐकून अर्ध्याच कळतात, उरलेल्या शेजारी बसून कळतात. म्हणूनच सामाईक माणसांना महत्त्व आहे.

गायक बदलला किंवा गायकाचं वय झालं की वेगळीच अडचण येते. सूर अर्धा किंवा एक स्वर खाली आणावा लागतो. अशा वेळी मोकळ्या तारेवर बसलेली रिफ नुसती दुसऱ्या पट्टीत सरकवली तर मोकळ्या तारेचा घुमार जातो. म्हणून गिटार आणि बेस खाली ट्यून करावे लागतात, कीबोर्डला ट्रान्सपोज करावं लागतं, आणि कार्यक्रमात मध्येच एखादं गाणं मूळ पट्टीत असेल तर दुसरी गिटार तयार ठेवावी लागते. काही गाणी तरीही सोडावी लागतात. ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या वरच्या किंकाळ्या गिलनच्या तरुणपणीच्या गळ्याच्या होत्या, २००२ नंतर ते गाणं कार्यक्रमांतून गेलं. कव्हरडेलच्या काळातली गाणी गिलन गात नाही. म्हणजे माणसं बदलली की संग्रहाचे काही कप्पे बंद होतात. हे तिकीट काढणाऱ्याला माहीत असायला हवं, ही आमची मागणी केवळ भावनेपोटी नाही.

मालकीचा दुसरा नमुना फ्लीटवूड मॅकचा. हा बँड १९६७ मध्ये पीटर ग्रीननं काढला, पण नाव दिलं ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसिस्ट जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून. ग्रीन १९७० मध्ये गेला, नाव ज्यांचं होतं ते राहिले. १९७४ च्या सुरुवातीला त्यांच्या मॅनेजरनं, नाव माझ्या मालकीचं आहे असं म्हणत, भलतेच वादक गोळा करून अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले. प्रेक्षकांनी ओळखलं, दौरा कोसळला, पण खरा बँड कोर्टकचेरीत अडकून बराच काळ कार्यक्रमांविना बसला. त्यानंतर त्यांनी आपला कारभार स्वतःच पाहायचं ठरवलं, लॉस एंजेलिसला बस्तान हलवलं, आणि १९७४-७५ च्या सांध्यावर लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स आत आले. १९७७ चा ‘रूमर्स’ हा अल्बम या माणसांचा. मॅनेजरचा दावा टिकला असता तर तो या नावानं निघालाच नसता. बँड वाचला तो नवी माणसं निवडायचा अधिकार वाजवणाऱ्यांकडे राहिल्यामुळे.

हा अधिकार वाजवणाऱ्यांकडे नसला की काय होतं, ते ‘द ड्रिफ्टर्स’ या गायकांच्या गटानं दाखवलं. १९५८ मध्ये मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलनं सगळेच्या सगळे गायक काढून टाकले आणि दुसरा एक आख्खा गट उचलून त्याला तेच नाव लावलं. नव्या गटात बेन ई. किंग होता आणि त्यांनी गायलेली गाणी अजरामर झाली, हे खरं. म्हणून काही जण म्हणतात, बघा, मालक चांगला असला की चालतं. आम्हाला हे पटत नाही. गायक पगारी होते, त्यांच्या आवाजावर नावाची किंमत वाढत गेली आणि त्या वाढीत त्यांचा वाटा शून्य. ही व्यवस्था गाण्यासाठी वाईट ठरलीच पाहिजे असं नाही, पण गाणाऱ्यासाठी ती अन्यायाची आहे. चांगली गाणी निघाली म्हणून अन्याय पुसला जात नाही.

कायद्याच्या अंगानं सगळ्यात उपयोगी निकाल ‘सॅक्सन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा आहे. बँड सोडून गेलेले गिटारवादक ग्रॅहम ऑलिव्हर आणि बेसिस्ट स्टीव्ह डॉसन यांनी ‘सॅक्सन’ हा ट्रेडमार्क आपल्या नावावर नोंदवून घेतला. गायक बिफ बायफर्ड पहिल्यापासून अखंड बँडमध्ये होता. ट्रेडमार्क कार्यालयात आधी ऑलिव्हर-डॉसन जिंकले. २००३ मध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती लॅडी यांनी ते उलटवलं. मूळ बँड ही इच्छाधीन (मुदत न ठरवलेली) भागीदारी होती, नाव आणि पत (गुडविल) ही त्या भागीदारीची मालमत्ता होती, कुणा एकाची नाही, आणि सोडून जाणाऱ्याला त्या नावाचा तुकडा स्वतंत्रपणे वापरण्यासाठी मिळत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. सुरुवातीलाच नीट करार केला तर असे वाद टळतात, हेही त्यात आहे.

याच्या उलट टोकाला शुद्धतावादी असतात. संस्थापक गेला की नाव बदला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण ती पाळली तर भारतातले चांगले बँडही मोडीत काढावे लागतील. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ १९९० मध्ये सुश्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी सुरू केला. राहुल राम १९९१ मध्ये आला, अमित किलाम १९९४ मध्ये. अशीम २००९ च्या डिसेंबरात गेले, सुश्मित २०१३ मध्ये बाहेर पडले. आज दोन्ही संस्थापक बँडमध्ये नाहीत. पण २००० च्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये ऐकू येतात ते राहुल राम आणि अमित किलाम आजही त्याच नावाखाली वाजवतात. त्यांना हे नाव सोडा म्हणणं म्हणजे वीस-तीस वर्षांचं त्यांचं काम दुय्यम ठरवणं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं डीप पर्पलला घेतलं तेव्हा नेमकं हेच केलं. आठ जणांची नावं घेतली आणि त्यात तेव्हा बँडमध्ये वीसहून अधिक वर्षं काढलेला मोर्स नव्हता, चौदा वर्षं असलेला एअरीही नव्हता. इव्हान्स होता.

मुंबईतल्या ‘रॉक मशीन’नं उलटा प्रयोग केला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या बँडनं १९९३ मध्ये, माणसं बहुतांश तीच असताना, ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं, कारण संगीत बदललं होतं. हा त्यांचा निर्णय होता आणि त्यांचाच असायला हवा. पण तो नियम होऊ शकत नाही.

मराठी माणसाला हा वाद नवा वाटू नये. ‘मंडळी’ हा शब्दच नाटक कंपनीच्या नावात होता. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तरी किर्लोस्कर नाटक मंडळी चालत राहिली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले. प्रेक्षक ज्यांच्यासाठी येत होता तो मुख्य नटच निघाला, तरी त्यांनी ‘किर्लोस्कर’ हे नाव मागितलं नाही. नवी पाटी लावली, गंधर्व नाटक मंडळी. केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले तेव्हा ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे नेली आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी. जाणाऱ्यानं नवं नाव घ्यायचं, राहणाऱ्यानं जुनं नाव सांभाळायचं, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती.

आपल्या कायद्यातही ती आहे, फक्त बँडवाले तो उघडून पाहत नाहीत. चार जण मिळून कार्यक्रम घेतात आणि पैसे वाटून घेतात, तिथे लेखी काही नसलं तरी कोर्ट त्याला भागीदारी मानू शकतं. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम १४ नुसार व्यवसायाची पत ही भागीदारीची मालमत्ता. कलम ३६ नुसार बाहेर पडलेला भागीदार स्पर्धेतला धंदा करू शकतो, जाहिरातही करू शकतो, पण करारात वेगळं ठरलं नसेल तर जुन्या संस्थेचं नाव वापरू शकत नाही, तिच्या वतीनं वावरू शकत नाही, आणि तिच्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढू शकत नाही. कलम ३७ त्याचीही बाजू राखतं: हिशोब न चुकवता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर त्याला त्याच्या वाट्यामुळे झालेला नफा किंवा वाट्यावर सालाना ६ टक्के व्याज यांपैकी एक मागता येतं. घात होतो तो कलम ४२ आणि ६९ मुळे. करारात उलट लिहिलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं भागीदारी विसर्जित होते. म्हणजे ड्रमर अपघातात गेला तर कागदोपत्री बँडच संपतो. आणि भागीदारी नोंदलेली नसेल तर करारातले हक्क मिळवण्यासाठी एकमेकांवर किंवा आयोजकावर दावा लावता येत नाही. विसर्जनाचा आणि हिशोबाचा दावा तेवढा लावता येतो. घर मोडायला कोर्ट उघडं, सांभाळायला बंद, अशी अवस्था होते.

तेव्हा पहिला अल्बम निघायच्या आधी, आणि खरं तर पहिल्या पैशाच्या कार्यक्रमाआधी, दोन-तीन पानांचा करार करावा. भागीदार कोण आणि कार्यक्रमापुरते मानधनावर येणारे कोण, हे नावानिशी लिहावं, कारण सर्वांत जास्त भांडणं ‘मी तर मेंबर होतो’ या वाक्यापासून सुरू होतात. नाव भागीदारीचं, जाणाऱ्याला ते वापरता येणार नाही, ‘पूर्वी अमुक बँडमध्ये’ असं मात्र स्वतःच्या नावाखाली, त्याहून लहान अक्षरात लिहिता येईल. मृत्यूनंतर भागीदारी चालू राहील आणि वारसाला हिशोबानं पैसे मिळतील. नव्याला घ्यायचं तर सगळ्यांची संमती, काढायचं तर किती मतं, तेही. सूचनेचा काळ तीन महिने ठेवला तर ठरलेले कार्यक्रम पार पडतात. एक महिना ठेवला तर नव्या माणसाला चौदा-पंधरा गाण्यांचा सेट बसवायला वेळ पुरत नाही. आणि सगळे गेले, एकच उरला, तर काय? हे कुणी लिहीत नाही, आणि नेमकं तेच घडतं. आमच्या मते एकट्या उरलेल्यानं ते नाव ठेवावं, पण नवी माणसं भागीदार म्हणून घेऊनच; सगळे पगारी ठेवून नाही.

ट्रेडमार्कचा अर्ज करताना नेहमी होणारी चूक म्हणजे ज्याच्याकडे वेळ असतो तो आपल्या एकट्याच्या नावावर भरून टाकतो. त्याच्या मनात काही नसतं, पण पाच वर्षांनी तो निघून गेला की प्रमाणपत्र त्याच्या घरी. अर्ज नोंदलेल्या भागीदारीच्या नावानं किंवा संयुक्तपणे करावा. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २४ नुसार संयुक्त नोंद मिळते ती सगळ्यांनी मिळून वापरायच्या चिन्हासाठी. प्रत्येकानं सुटं वापरायचं असेल तर मिळत नाही, आणि बँडला हवं तेच आहे. कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, रेकॉर्डिंगसाठी वर्ग ९, टी-शर्ट विकणार असाल तर वर्ग २५. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती आणि लहान उद्योगांना ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे तिन्ही वर्गांचे १३,५००. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतीला असतात, नोंद दहा वर्षांची. पाच वर्षं आणि तीन महिने नाव वापरलंच नाही तर नोंद रद्द करून मागता येते, म्हणून विश्रांतीवर गेलेल्या बँडनंही रेकॉर्डिंगची विक्री चालू ठेवून त्याचा पुरावा जपावा. लोगो मित्रानं काढून दिलेला असेल तर त्याचा कॉपीराइट सहसा त्या मित्राकडेच राहतो. तो लेखी घ्यावा, आणि घेताना मुदत व प्रदेश लिहावा. न लिहिल्यास कायदा मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश फक्त भारत धरतो. यूट्यूब चॅनेल, ईमेल आणि इन्स्टाग्रामचे पासवर्ड दोघांकडे असावेत.

गाणी आणि नाव यांची गाठ मात्र सोडवून ठेवावी. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, किती टक्के, हे गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एका कागदावर सह्यांनिशी लिहावं. मार्क टूच्या काळात डीप पर्पलनं श्रेय पाचांमध्ये सारखं लावलं, त्यामुळे गिलन आणि ग्लोव्हर गेल्यावरही त्यांच्या गाण्यांचे पैसे त्यांना मिळत राहिले आणि बँडला ती गाणी वाजवायला अडचण आली नाही. सोडून जाणाऱ्याला नाव नाकारायचं असेल तर त्याच्या गाण्यातला वाटा अबाधित ठेवणं हे उरलेल्यांचं देणं आहे. या दोन गोष्टी एकत्र केल्याशिवाय आमची मागणी न्याय्य होत नाही.

राहिला प्रेक्षक. अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत की मूळ रेकॉर्डिंगमधला निदान एक हक्कदार सदस्य नसेल तर त्या नावानं कार्यक्रम करता येत नाही, ‘आदरांजली’ (ट्रिब्यूट) असं स्पष्ट लिहावं लागतं. पण नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या मालकाला त्यातून सूट आहे, म्हणजे ट्रेडवेलसारखा मालक सुटतोच. आपण ती चूक नकलू नये. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. मंचावर कोण येणार ही महत्त्वाची माहिती आहे, एवढं त्या प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचनेत लिहिलं तरी पुरे.

आयोजक म्हणतात, महोत्सव सहा-आठ महिने आधी जाहीर होतो, तोवर माणसं बदलतात, कसं छापणार? मराठी नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात. नटांची नावं छापलेली असतात, आणि एखाद्याच्या जागी दुसरा आला की ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द प्रेक्षकालाही पाठ आहे. प्रेक्षक चिडतो ते आत बसल्यावर कळलं तर. बँडसाठी असं करता येईल: तिकीट विक्रीच्या पानावर त्या दिवशीची लाइन-अप वाद्यासह द्यावी. आजारपणामुळे एका कार्यक्रमापुरता बदली वादक आला तर प्रवेशद्वारावर फलक पुरेल. पण विक्री सुरू झाल्यावर गायक किंवा जाहिरातीत नाव घेतलेला कलाकार कायमचा गेला, तर आठ दिवसांत तिकीट घेतलेल्यांना कळवावं आणि त्यांना पूर्ण पैसे परत मागायला निदान सात दिवस द्यावेत. सेवाशुल्कासकट.